क्षणभर मावळणारे चित्र : दोष कोणाचा?

यंत्र पूर्ण बंद पडले, तर त्याचा दोष शोधणे फारसे अवघड नसते. परंतु जे यंत्र आठ-आठ दिवस उत्तम चालते, ऐन वेळी क्षणभर दगा देते आणि कारागीर पाहावयास आला की पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते, त्याच्यापुढे भले भले हात टेकतात. आपल्या घरांतून आता मोठे दूरचित्रवाणी संच आणि त्यांच्या जोडीला अँप्लिफायर व स्पीकर यांची मांडणी आली आहे. तिला सर्वत्र 'होम थिएटर' म्हणतात. या मांडणीत वरील प्रकार वारंवार आढळतो. चित्र चालू असता पडदा एकाएकी काळा होतो. दोन-तीन सेकंदांनी चित्र आपोआप परत येते. आणि मग तास-दोन तास काहीच होत नाही.

ही तक्रार केवळ करमणुकीची म्हणून क्षुल्लक समजू नये. जिना उतरून मंदिरात जाणे ज्यांना आता होत नाही, अशी वृद्ध माणसे आपल्या अनेक घरी आहेत. फेब्रुवारी 2018 मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, तो अशा कित्येकांनी घरी बसूनच डोळे भरून पाहिला. पर्युषणात आणि चातुर्मासात मुनिमहाराजांची प्रवचने ते याच पडद्यावर ऐकतात. दुसरी गोष्ट व्यापाराची आहे. क्षणभर चित्र जाते एवढ्यावरून निर्दोष संच दुकानात परत येतो, विक्रेत्याचे नाव खराब होते, आणि खरा दोष मात्र घरच्या भिंतीत तसाच राहतो. यात ग्राहकाचे पैसे जातात आणि विक्रेत्याची पत जाते. सबब, हा दोष शिस्तीने कसा शोधावा, याविषयी चार व्यवहारोपयोगी गोष्टी सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

चित्राचा मार्ग

प्रथम चित्राचा मार्ग नीट समजून घ्यावा. चित्र निघते ते सेट-टॉप बॉक्समधून, चकतीच्या प्लेअरमधून अथवा इंटरनेटवर चालणाऱ्या लहान डबीमधून. तेथून एका केबलने ते अँप्लिफायरमध्ये येते. अँप्लिफायर आवाज आपल्या स्पीकरांकडे वळवितो आणि चित्र दुसऱ्या केबलने संचाकडे पाठवितो. म्हणजे मूळ पेटी, पहिली केबल, अँप्लिफायर, दुसरी केबल आणि संच असे पाच दुवे झाले. यांपैकी कोणत्याही एका दुव्यात किंवा दोन दुव्यांच्या सांध्यात दोष असू शकतो. पडद्यावर मात्र तो एकसारखाच दिसतो. म्हणून बहुतेक लोक प्रथम संचालाच दोषी धरतात, कारण डोळ्यांसमोर तोच असतो.

या केबलला एचडीएमआय म्हणतात. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन व तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून हिची पहिली नियमावली डिसेंबर 2002 मध्ये प्रसिद्ध केली. हिच्या नेहमीच्या तोंडाला 19 पिना असतात. यांतून केवळ चित्र व आवाज जात नाहीत. दोन्ही टोकांच्या यंत्रांत एक संभाषणही चालते. 'मला इतक्या बारकाव्याचे चित्र दाखविता येते,' असे संच पेटीला प्रथम कळवितो. त्यानंतर चित्राची चोरून नक्कल होऊ नये म्हणून दोन्ही यंत्रे एकमेकांच्या गुप्त खुणा पटवून घेतात. या पद्धतीस एचडीसीपी म्हणतात. ती इंटेल कंपनीने तयार केली. पूर्वी हुंडी सकारण्यापूर्वी पेढीवर सही व खूण ताडून पाहात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे खूण एकदा पटवून भागत नाही; चित्र चालू असतानाही तिची पुनःपुन्हा पडताळणी होत राहते. मध्येच ती चुकली, तर पेटी चित्र थांबविते आणि सर्व बोलणे पहिल्यापासून सुरू करते. पडदा दोन-तीन सेकंद काळा राहतो, तो पुष्कळदा याच कारणाने.

लक्षणांवरून निदान

चित्र 'जाते' असे आपण सरसकट म्हणतो. परंतु जाण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत, आणि तऱ्हेवरून अर्धे निदान होते.

चित्राचे चौकोनी तुकडे पडून आवाज अडखळू लागला, तर दोष बहुधा घरात येणाऱ्या संदेशात असतो. गच्चीवरील डिश हलली असेल, तिच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले असेल, किंवा मुसळधार पावसाने उपग्रहाचा संदेश क्षीण झाला असेल. मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो, तेव्हाही दिवसा काही मिनिटे चित्र जाते; त्यावर घरगुती उपाय नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. पडद्यावर गोल चक्र फिरू लागले, तर इंटरनेटची धार मंद झाली असे समजावे. तेथे केबल बदलून काही साधणार नाही. काळ्या भागात पांढरे अगर रंगीत ठिपके चमकू लागले किंवा आडव्या रेषा उमटल्या, तर केबलची शक्ती अपुरी पडत आहे असे धरून चालावे. संपूर्ण पडदा काळा होऊन चित्र पूर्ववत् परत आले, तर केबल, सांधा, अँप्लिफायर किंवा खुणांची पडताळणी यांपैकी कोठे तरी घोटाळा आहे.

एक तऱ्हा मात्र दोषच नव्हे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने तयार होतो, इतर पुष्कळ कार्यक्रम 50 अथवा 60 च्या गतीने. कार्यक्रम बदलताना काही पेट्या आपली गती बदलतात, आणि त्या वेळी पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. हा प्रकार नेहमी आरंभी किंवा शेवटीच होतो, प्रवचनाच्या वा चित्रपटाच्या मध्यावर होत नाही. एवढा भेद न कळल्यामुळे चांगले संच दुरुस्तीस गेलेले आम्ही पाहिले आहेत.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. आवाज चालू राहून केवळ चित्र गेले, तर अँप्लिफायर ते संच या शेवटच्या टप्प्याकडे प्रथम पाहावे. दोन्ही एकदम गेली, तर मात्र तेवढ्यावरून निर्णय करू नये. कारण शेवटच्या टप्प्यातील खूण चुकली तरी मूळ पेटी सर्वच बोलणे नव्याने सुरू करू शकते.

दोष येतो-जातो तो का?

जुन्या काळच्या संचावर संदेश दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. दुबळेपणा वाढेल तशा मुंग्या वाढत. म्हणजे यंत्र आधी सूचना देत असे. आजचे चित्र अंकांच्या रूपाने येते. अंक नीट वाचता येतात तोवर चित्र निर्मळ असते. ते वाचता येईनासे झाले की चित्र थेट नाहीसे होते. मधली अवस्था फार थोडी. म्हणून जी केबल आपल्या शक्तीच्या अगदी कडेवर काम करीत असते, ती शंभर वेळा उत्तीर्ण होते आणि एकशे एकाव्या वेळी किंचित् धक्क्याने घसरते. धान्याच्या व्यापाऱ्याला हे सांगावयास नको. ज्या पोत्यातील धान्याची ओल नेमकी सीमेवर असते, ते उघाडीच्या दिवसांत निर्धोक राहते आणि झडीचा एक आठवडा लागला की त्याला बुरशी येते. दोष त्या आठवड्यात निर्माण होत नाही, तो त्या आठवड्यात उघड होतो.

ओझे किती वाढले आहे, हेही पाहावे. पूर्वीच्या पूर्ण-एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. ज्यास 4के म्हणतात त्या चित्रात 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400 ठिपके, बरोबर चौपट. असे चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवावयाचे, तर केबलवर सेकंदाला सुमारे 18 गिगाबिट, म्हणजे 18 अब्ज बिट इतके ओझे पडते. 2013 मध्ये आलेल्या एचडीएमआय 2.0 च्या नियमावलीने हीच मर्यादा ठरविली. 2017 च्या 2.1 ने ती 48 गिगाबिटपर्यंत नेली. घर बांधताना दहा-बारा वर्षांपूर्वी भिंतीत घातलेली केबल त्या वेळच्या ओझ्याला पुरेशी होती. संच नवा आला, पेटी नवी आली, केबल मात्र तीच राहिली.

अशा कडेवरच्या केबलला घसरविणारा धक्का कोठूनही येतो. पंखा, ट्यूबलाइट किंवा मिक्सर चालू-बंद करताना, फ्रिजचे यंत्र सुरू होताना, अथवा वीज जाऊन इन्व्हर्टरवर भार जाताना तारांत क्षणिक खळबळ उडते. विजेच्या तारा आणि चित्राची केबल एकाच नळीतून नेल्या असतील, तर ही खळबळ अधिक बाधते. याहून नवलाची गोष्ट डिस्प्लेलिंक या कंपनीने लिहून ठेवली आहे. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीवर माणूस बसताना वा उठताना विद्युत्-चुंबकीय लहर निर्माण होऊन पडद्यावरील चित्र जाऊ शकते, असे त्या कंपनीच्या अनुभवास आले. याखेरीज बंद शोकेसमध्ये कोंडलेला अँप्लिफायर तापणे, जड केबलच्या भाराने तोंड किंचित् सैल होणे, भिंतीलगतच्या संचामागे केबल फार वाकणे आणि उंदराने तिच्यावर दात चालविणे, ही कारणेही आपल्याकडे नित्याची आहेत.

शोधाची रीत

तेरीज जुळेना, म्हणून कोणी सर्व वह्या फाडून नव्या लिहीत नाही. फरक कोणत्या महिन्यात, कोणत्या पानावर पडला, हे क्षेत्र अर्धे-अर्धे करीत शोधतात. येथेही रीत तीच.

पहिले काम रोजकीर्दीचे. संचाजवळ एक वही ठेवावी. चित्र गेले की तारीख व वेळ, कोणत्या पेटीवरून काय चालू होते, चित्र कोणत्या तऱ्हेने गेले, आणि त्या क्षणी घरात काय घडले, अशा चार गोष्टी टिपाव्यात. आठवडाभराच्या नोंदीतून जे कळते, ते घाईच्या दहा तर्कांतून कळत नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल करावा. केबल बदलली, जागा बदलली आणि सेटिंगही बदलले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळणार नाही, आणि नसलेल्या दोषापायी चांगली वस्तू टाकून दिली जाईल. बिनखर्चाचे बदल आधी करावेत. सर्व यंत्रे मुख्य बटनापासून बंद करून काही मिनिटांनी प्रत्येक केबलचे तोंड काढून पुन्हा घट्ट बसवावे. त्यानंतर संचावरील दुसऱ्या खोबणीत केबल लावून पाहावी. मग पेटीचे चित्र 4के वरून पूर्ण-एचडीवर आणावे. ओझे कमी होताच दोष थांबला, तर संशय केबलवर जातो. पुढे अँप्लिफायर वगळून पेटी आखूड केबलने थेट संचाला जोडावी. अशाने दुव्यांची साखळी निम्मी होते.

तिसरा नियम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जो दोष तीन दिवसांतून एकदा उद्भवतो, तो एका संध्याकाळी दिसला नाही म्हणून गेला असे समजू नये. दोन वेळांमध्ये नेहमी जितके अंतर पडते, त्याच्या निदान तिप्पट काळ वाट पाहावी आणि मगच बदल उपयोगी पडला असे वहीत लिहावे.

एक उदाहरण

आमच्या वडील भगिनी, ज्यांना घरात सारे आक्का म्हणतात, त्यांचे वय आता 81 आहे. गुडघ्यांमुळे बाहेर जाणे बंद झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ प्रवचन ऐकणे हाच त्यांचा मोठा विरंगुळा. भाच्यांनी मोठ्या हौसेने दिवाणखान्यात सर्व मांडणी केली. पेटी व अँप्लिफायर एका भिंतीच्या कपाटात, संच समोरच्या भिंतीवर, आणि मधली 12 मीटर केबल पंख्याच्या वायरीबरोबर एकाच नळीतून नेलेली. थोड्याच दिवसांत पडदा मधून मधून काळा होऊ लागला. कारागीर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चित्र स्वच्छ. नवा स्टॅबिलायझर आला, उपयोग झाला नाही. संच परत करावा आणि त्या दुकानाशी असलेला वीस वर्षांचा व्यवहार तोडावा, इथवर गोष्ट आली.

या सर्व गडबडीत आक्कांनी रिमोटला हात लावणे सोडून दिले होते, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी वेडेवाकडे दाबले जाते रे. पोरं बोलत नाहीत, पण मला कळतं." कोणी घरात येऊन चित्र लावून दिले तर त्या पाहात, नाही तर काळ्या पडद्यासमोर जपमाळ घेऊन बसत.

आम्ही वही ठेवविली. नऊ दिवसांत सतरा नोंदी झाल्या. सतराही वेळा 4के चित्र चालू होते. साध्या वाहिनीवर एकदाही नाही. आठ वेळा त्याच क्षणी कोणी पंखा अगर दिवा चालू-बंद केला होता. आणि रिमोट? सतराही वेळा तो मेजावर पडून होता. ही नोंद आक्कांना वाचून दाखविली.

मग एकेक बदल केला. चित्र पूर्ण-एचडीवर आणले. पाच दिवस काही झाले नाही. पुन्हा 4के केले; दुसऱ्याच दिवशी पडदा काळा झाला. नंतर पेटी व अँप्लिफायर दोन्ही संचाजवळ आणून दोन मीटरच्या केबलींनी जोडली. एक आठवडा 4के चित्र अखंड चालले. पेटी, अँप्लिफायर आणि संच तिन्ही निर्दोष ठरली. दोषी ठरली ती भिंतीतील लांब केबल. तिच्या जागी काचतंतूची केबल वेगळ्या नळीतून घातली आणि यंत्रे कपाटात परत गेली. संच त्याच दुकानाचा, तोच आहे. भाचे स्वतः दुकानात जाऊन घडलेली हकीकत सांगून आले. आणि आक्का पुन्हा आपल्या हाताने प्रवचन लावतात.

दोष यंत्राचा असेल तेव्हा

केबल नेहमीच दोषी असते, असा याचा अर्थ नव्हे. 2020 साली डेनॉन, मराँट्झ व यामाहा यांच्या काही नव्या अँप्लिफायरांत एक्सबॉक्स सीरिज एक्स या खेळाच्या यंत्राचे, सेकंदाला 120 चित्रांचे 4के दृश्य जोडले असता पडदा काळा पडू लागला. तपासाअंती दोष अँप्लिफायरमधील एचडीएमआयच्या चिपमध्ये असल्याचे निघाले. डेनॉन व मराँट्झ यांच्या मालक कंपनीने पुढे ग्राहकांना एक जोडयंत्र विनामूल्य दिले, आणि यामाहाने आतील बोर्ड बदलून देण्याची व्यवस्था केली. अशा वेळी घरोघरी केबली बदलून काय उपयोग झाला असता? म्हणून केबल निर्दोष ठरली की यंत्राच्या आतील प्रणाली निर्मात्याच्या ताज्या सुधारणेप्रमाणे अद्ययावत करावी, आणि तरीही दोष राहिला तर वही घेऊन विक्रेत्याकडे जावे. 'मधून मधून चित्र जाते' एवढेच ऐकून कोणत्याही दुकानदाराला काही करता येत नाही. परंतु कोणत्या जोडणीत जाते, कोणत्या जोडणीत जात नाही आणि किती दिवस पाहिले, हे लिहून नेले, तर तक्रार दुकानदाराला टाळता येत नाही आणि कारागिराचाही वेळ वाचतो.

खरेदी व मांडणी करताना

केबल घेताना किमतीवर अथवा सोनेरी तोंडावर भुलू नये. 18 गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि 48 गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असे प्रमाणपत्राचे लेबल वेष्टनावर असते. त्यावरील चौकोनी खूण मोबाइलने तपासता येते. तांब्याची केबल जितकी आखूड तितकी विश्वासाची. 48 गिगाबिटचे ओझे असेल, तर साध्या तांब्याच्या केबलवर तीन-चार मीटरच्या पुढे विसंबू नये. अंतर मोठे असल्यास काचतंतूची केबल घ्यावी. मात्र तिला दिशा असते. एक टोक पेटीचे व दुसरे संचाचे अशी खूण तिच्यावर असते. टोके उलट बसविली तर चित्र मुळीच येत नाही. ती फार वाकवूही नये. घर बांधीत असणाऱ्यांनी चित्राच्या केबलीसाठी विजेच्या वायरींपासून वेगळी आणि रुंद नळी ठेवावी, म्हणजे पुढेमागे केबल ओढून बदलता येईल. भिंत फोडण्याच्या खर्चापुढे या नळीचा खर्च काहीच नाही. अँप्लिफायरच्या भोवती वारा खेळेल इतकी जागा सोडावी, आणि विजेचे अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. भिंतीच्या आतील कोणतेही काम मात्र स्वतः करू नये. त्यास परवानाधारक वायरमनच बोलवावा.

पुराव्यावाचून कोणाला दोष देऊ नये, हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे; तो माणसांपुरताच का असावा? चित्र गेले की प्रथम दुकानदार, मग कारागीर, मग घरातील मुले-म्हातारी माणसे, अशा क्रमाने आळ फिरत राहतो. आठ दिवसांची वही आणि थोडा धीर एवढ्याने तो योग्य जागी जाऊन थांबतो. पर्युषणापूर्वी ज्यांच्या घरी अशी तक्रार असेल, त्यांनी पर्वास महिना असतानाच वही उघडावी; म्हणजे शोधास पुरेसे दिवस मिळतील आणि पर्वाच्या दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रवचनश्रवणात खंड पडणार नाही. सभासद बंधु-भगिनींस या लेखाचा उपयोग झाला, तर आम्ही लिहिल्याचे सार्थक मानू.